सोलापूरचा हापसा आफ्रिकेत



आठवीच्या वर्गात आफ्रिका खंडाचा पाठ चालू असताना आम्ही मुलांना एका जुन्या मासिकातले छायाचित्र दाखवले. बुर्किना फासो या देशातील एक खेडे, लाल माती, डोक्यावर भांडी घेतलेल्या बायका आणि मधोमध एक हातपंप. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "सर, हे तर माझ्या मामाच्या गावचं बोरिंग!" सगळा वर्ग हसला. पण तो विद्यार्थी बरोबर बोलला होता. छायाचित्रातील पंप खरोखरच आपल्याकडचा होता. त्याचे नाव 'इंडिया मार्क टू'. त्याची मुळे आपल्या शेजारच्या महाराष्ट्रात, जालना आणि सोलापूर येथे झालेल्या कामात आहेत, आणि आज आफ्रिकेतील अनेक देशांत खेड्यापाड्यांतील लोक याच पंपाचे पाणी पितात.

या अंकाच्या अभ्यास-लेखासाठी हा विषय घेण्याला आणखी एक कारण आहे. आपल्या विद्यालयाच्या अंगणातील हापसा ठेवावा की काढावा, हा प्रश्न विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीपुढे आहे. त्याविषयी आमचे मत आम्ही पुढे सांगणारच आहोत, आधी अभ्यास.

प्रथम नावाविषयी थोडे. आपले तेलुगू शेजारी याला 'बोरिंगु' म्हणतात, म्हणून आपली मुलेही बोरिंग म्हणतात. बेला, जैनथ या भागातील आपली मराठी वडीलधारी मंडळी हापसा म्हणतात. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. तिकडे 'चापाकल' असा शब्द आहे. या तिन्हींत आम्हाला हापसा हा शब्द सर्वांत आवडतो. बोरिंग म्हटले की जमिनीतले भोक डोळ्यांपुढे येते. हापसा म्हटले की दांडा धरून वर-खाली वाकणारे माणूस दिसते. लेखातील पुढचा सगळा हिशेब या वाकण्याचाच आहे.

ओढणे आणि उचलणे

नारळपाणी नळीने पिताना आपण पाणी ओढतो असे आपल्याला वाटते. वास्तविक आपण नळीतील हवा काढून घेतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. या दाबाची ताकद मर्यादित आहे. समुद्रसपाटीला तो पाण्याला जास्तीत जास्त १०.३ मीटर उंच चढवू शकतो, आणि प्रत्यक्ष पंपात सात मीटरच्या आसपासच काम होते. गंगेच्या मैदानात पाणी वरच असते, म्हणून तिथे ओढणारा साधा पंप चालतो. आपल्या दख्खनच्या कातळात पाणी वीस, तीस, चाळीस मीटर खाली. तिथे ओढून भागत नाही, उचलावे लागते.

म्हणून खोल बोअरच्या हातपंपात खरे काम खाली, पाण्याच्या आत बुडालेल्या सिलिंडरमध्ये होते. वरचा दांडा खाली दाबला की लोखंडी सळ्यांची लांब साखळी वर येते, तिच्या टोकाचा दट्ट्या पाण्याचा स्तंभ वर उचलतो आणि खालची झडप उघडून नवे पाणी आत येते. दांडा वर सोडला की खालची झडप मिटते, दट्ट्यातली झडप उघडते आणि दट्ट्या पाण्यातून खाली उतरतो. म्हणजे आपल्याला अंगणात दिसतो तो फक्त तरफेचा भाग. तरफ तर सहावीच्या मुलांनाही ठाऊक आहे.

आता वही-पेन्सिल घ्या. मार्क टू पंपाच्या सिलिंडरचा आतील व्यास ६३.५ मिलिमीटर आणि दट्ट्याची चाल १२५ मिलिमीटर असते. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र लावले तर एका हापशात सुमारे ०.४ लिटर पाणी येते. पंधरा लिटरची बादली भरायला अडतीस-चाळीस हापसे.

भारत सरकारच्या ग्रामीण पाणीपुरवठ्याचे बरीच वर्षे असे प्रमाण होते की माणशी रोज ४० लिटर पाणी मिळावे आणि २५० माणसांमागे एक हातपंप असावा. २५० गुणिले ४० म्हणजे १०,००० लिटर. भागिले ०.४ म्हणजे २५,००० हापसे, आणि तेही एका दिवसात. मिनिटाला ४० या गतीने हा पंप सलग दहा तास पंचवीस मिनिटे चालला पाहिजे. वर्षाचा हिशेब केला तर ९१ लाख हापसे होतात. हा आकडा फळ्यावर मांडला तेव्हा वर्गात शांतता पसरली होती. एका मुलीने विचारले, "सर, एवढे सगळे कोण हापसते?" तिचे उत्तर तिला माहीत होते, कारण ती स्वतः सकाळी शाळेत येण्याआधी चार घागरी भरून येते.

जालना आणि सोलापूर

या ९१ लाखांतच जुन्या पंपांच्या अपयशाचे कारण आहे. साठच्या दशकात दुष्काळी भागांत बोअर खोदण्याची यंत्रे आली. विशेषतः १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळानंतर आणि १९७२ च्या महाराष्ट्राच्या दुष्काळात कठीण कातळातही लवकर भोक पाडणाऱ्या यंत्रांचा उपयोग वाढला. युनिसेफनेही अशी यंत्रे पुरवली. पूर्वी सुरुंग लावून महिनोन्‌महिने विहीर खणावी लागे. आता सहा इंची बोअर थोड्याच वेळात तयार होऊ लागली. पण तिच्यावर बसवला जाई तो बिडाचा पंप, परदेशातील शेतघरांच्या पंपांच्या नकलेवर ओतलेला. शेतघरातला पंप एका कुटुंबासाठी असतो. सहा माणसांच्या घराला आपल्याच प्रमाणाने दिवसाला ६०० हापसे पुरतात. त्या पंपावर आपण चाळीसपट बोजा टाकला. तो मोडणार नाही तर काय होईल?

१९७४ च्या सुमारास युनिसेफने पाहणी केली तेव्हा बसवलेल्या हातपंपांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश बंद आढळले. एवढा पैसा, एवढी यंत्रे, आणि गाव पुन्हा नाल्यातल्या झिऱ्यावर!

महाराष्ट्रात मात्र काही ठिकाणचे पंप टिकून होते. जालन्याच्या मिशनमधील मंडळींनी बिडाचा, अनेक सांध्यांचा दांडा टाकून पोलादी आणि एकाच कण्यावर फिरणारा दांडा केला. सांधे जितके कमी तितकी झीज कमी, हा विचार अगदी साधा आहे. पुढे सोलापूर वेल सर्व्हिस या विहिरी-बोअरची कामे करणाऱ्या संस्थेने त्यात मोठी सुधारणा केली. दांड्याच्या टोकाला चंद्रकोरीसारखा पोलादी भाग बसवून त्यावरून सायकलच्या चेनसारखी चेन सोडली. दांडा कमानीत फिरतो, पण सळई सरळ वर-खाली गेली पाहिजे. नाहीतर ती बाजूला घासते आणि झिजते. चेनमुळे सळई नेहमी सरळ उचलली जाते. यांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी हे चित्र काढून पाहावे, फार सुंदर युक्ती आहे. शिवाय या पंपाचे वजन बोअरच्या पाइपवर न टाकता जमिनीत सिमेंटने पक्क्या केलेल्या खांबावर टाकले.

युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासमधील रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कारखान्यातील अभियंत्यांनी हा सोलापूरचा पंप पाया म्हणून घेतला. कोइमतूर भागात नमुने बसवून ते पारखले. त्यातून 'इंडिया मार्क टू' तयार झाला, १९७७ च्या सुमारास त्याचे कारखान्यात उत्पादन सुरू झाले आणि १९७९ मध्ये त्यासाठी भारतीय मानक ठरले. आमच्या मते त्याचे दोन गुण विशेष आहेत. एक, त्याचे पेटंट कोणी घेतले नाही. आराखडा सर्वांना खुला ठेवला. दोन, मानक ठरल्यामुळे एका कारखान्याची चेन दुसऱ्या कारखान्याच्या पंपाला बसते. दुकानात जाऊन "मार्क टूची चेन द्या" म्हटले की काम झाले. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण सुटा भाग न मिळाल्यामुळे जगात जेवढे पंप मेले तेवढे दुसऱ्या कशानेही मेले नसतील.

नारू

पाणी वर आले म्हणजे ते स्वच्छ झाले असे नाही. मार्क टूभोवती सिमेंटचा गोल ओटा आणि सांडपाण्याची नाली का असते, हे मुलांनी नीट पाहावे. ओटा फुटला की सांडलेले पाणी, गुरांचे मूत, चिखल, सगळे बोअरच्या कडेने पुन्हा खाली उतरते. पंप चालू असतो, पाणी नितळ दिसते, आणि वस्तीत हगवण सुरू होते. ओट्याची भेग ही पंपाच्या चेनइतकीच महत्त्वाची आहे.

स्वच्छ पाण्याने काय साधते याचे उदाहरण पाहायचे तर घरच्या आजी-आजोबांना 'नारू' विचारा. पायातून दोऱ्यासारखा लांब जंत बाहेर येई. तो काडीवर गुंडाळत दिवसेंदिवस हळूहळू ओढावा लागे. महाराष्ट्र, तेव्हाचा आंध्र प्रदेश, राजस्थान अशा सात राज्यांत हा रोग होता. त्याचे कारण पायऱ्यांच्या विहिरी. नारू झालेला माणूस पायऱ्या उतरून पाण्यात पाय घाली, जंताची अळी पाण्यातील सूक्ष्म किड्यात शिरे आणि तेच पाणी पिणाऱ्याच्या पोटात जाई. विहिरींच्या जागी हातपंप आले, पायऱ्या बंद झाल्या, लोक दुपदरी फडक्याने पाणी गाळू लागले. भारतातला शेवटचा रोगी १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. १९८६ च्या सुमारास जगात या रोगाचे सुमारे ३५ लाख रोगी असावेत असा अंदाज होता. आता चाड, दक्षिण सुदान अशा आफ्रिकी देशांत वर्षाला मोजकेच रोगी आढळतात. यासाठी कोणतीही लस निघाली नाही, औषधही नाही. हे फडक्याने, ओट्याने आणि हापशाने झालेले काम आहे.

येथे मुलांसाठी एक सावधगिरीची सूचना. फडक्याने नारूचा किडा अडतो, कारण तो डोळ्यांना जेमतेम दिसण्याइतका मोठा असतो. विषमज्वराचे, कॉलऱ्याचे जंतू अडतात असे समजून निर्धास्त राहू नये. त्यासाठी पाणी उकळणे किंवा क्लोरिन. "आम्ही गाळूनच पितो" असे पालक सांगतात तेव्हा आम्ही हा फरक आवर्जून समजावतो.

समुद्रापार

१९८१ ते १९९० हे दशक संयुक्त राष्ट्रसंघाने पिण्याच्या पाण्याचे आणि स्वच्छतेचे दशक म्हणून पाळले. त्या काळात मार्क टू आफ्रिकेत गेला. युगांडामध्ये त्याच नमुन्याचे पंप 'यू टू' या नावाने ओळखले जातात. माली, घाना, बुर्किना फासो, सगळीकडे तो पोहोचला. पण तिथे त्याच्यापुढे आपल्या दख्खनने न विचारलेले प्रश्न उभे राहिले.

पहिला प्रश्न पाण्याचाच. पश्चिम आफ्रिकेत पुष्कळ ठिकाणी भूगर्भातील पाणी आम्लधर्मी आहे. मार्क टूचे खालचे पाइप जस्त चढवलेल्या लोखंडाचे. आम्लाने जस्त जाते, लोखंड गंजते, पाणी तांबडे येते आणि त्याला लोखंडाची चव लागते. भात शिजवला तर रंगतो, कपडे धुतले तर डागाळतात. म्हणून बायका नवा पंप सोडून पुन्हा ओढ्यावर जाऊ लागल्या. बाहेरून आलेल्या माणसाला वाटेल की लोकांना स्वच्छतेचे महत्त्व कळत नाही. तसे नव्हते, पंपाला त्या गावचे पाणी कळले नव्हते. पुढे अशा भागांत स्टेनलेस स्टीलचे किंवा प्लॅस्टिकचे पाइप वापरावे लागले.

दुसरा प्रश्न दुरुस्तीचा. मार्क टू दणकट खरा, पण दट्ट्याचा वायसर झिजला की तीस-चाळीस मीटर लोखंडी पाइप वर काढावे लागतात. त्यासाठी तिकाटणे, साखळ्या, मोठे पाने आणि चार-पाच जाणकार माणसे लागतात. आपल्याकडे तामिळनाडूपासून एक रचना झाली: गावात पंपाची देखभाल करणारा एक जण, तालुक्याच्या पातळीवर मिस्त्री आणि जिल्ह्याला सामान घेऊन फिरणारी गाडी. जिथे ही गाडी वेळेवर येते तिथे ती रचना चालते. आफ्रिकेतील कित्येक भागांत पंपापर्यंत गाडीचा रस्ताच नव्हता. त्यातून एक नवा विचार पुढे आला की ज्याची दुरुस्ती गावालाच करता येईल असा पंप हवा. मलावीत सुरू होऊन केनियात पूर्ण झालेला 'आफ्रिडेव्ह' हा पंप या विचाराचे फळ आहे. त्याचे पाइप प्लॅस्टिकचे, सळ्या आकड्यांनी एकमेकींत अडकणाऱ्या, आणि दट्ट्या पाइप न काढता वर ओढता येतो. एक पाना आणि गावातल्या दोन बायका एवढ्यावर वायसर बदलतो. हीच कल्पना भारतात परत आली आणि 'इंडिया मार्क थ्री' झाला. त्याचाही दट्ट्या पाइप न उपसता काढता येतो. विद्या एका दिशेने वाहत नाही ती अशी.

मलावीचे आणखी एक काम सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९६८ पासून तेथे डोंगरातल्या झऱ्यांचे पाणी उताराने नळावाटे खेड्यांत आणण्याच्या योजना झाल्या. मोटार नाही, वीज नाही. सरकारने पाइप आणि मार्गदर्शन दिले. मैलोन्‌मैल चर गावकऱ्यांनी स्वतः खणले. कोणता नळ कोणत्या झाडाजवळ असावा हे गावाच्या समितीने ठरवले आणि पुढे तो सांभाळला. आपल्याकडे श्रमदान हा शब्द आहे. त्यांच्याकडे शब्द दुसरा, काम तेच.

तरीही चित्र सगळे उजळ नाही. ग्रामीण पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्यांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळाने २००९ च्या सुमारास एकत्र केलेल्या आकड्यांनुसार सहाराच्या दक्षिणेकडील देशांत दर तीन हातपंपांपैकी साधारण एक कोणत्याही दिवशी बंद असे. देणगीदाराच्या नावाची पाटी ओट्यावर शाबूत, आणि दांडा गायब. उद्घाटनाला पाहुणे येतात. वायसर बदलायला कोण येणार हे त्या दिवशी कोणी विचारत नाही.

नागपूरचाही आफ्रिकेशी असाच संबंध आहे. खोल पाण्यात काही ठिकाणी फ्लोराइड जास्त असते. दात पिवळे-तपकिरी पडतात, पुढे हाडे वाकतात. आपल्या तेलंगणातील नलगोंडा जिल्हा या दुखण्यासाठी दुर्दैवाने प्रसिद्ध. नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेने सत्तरच्या दशकात तुरटी आणि चुना घालून, ढवळून, गाळ खाली बसवून फ्लोराइड कमी करण्याची रीत बसवली आणि तिला नाव दिले 'नलगोंडा पद्धत'. इथिओपिया, टांझानिया, केनिया या देशांतील रिफ्ट दरीच्या भागातही हेच दुखणे असल्याने ही पद्धत तिकडे वापरली गेली. आपल्या राज्यातील एका गावाचे नाव आफ्रिकेच्या पाण्याच्या पुस्तकात आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत होते?

आपला जिल्हा

आदिलाबादच्या बऱ्याच भागात वर काळी माती आणि खाली काळा कातळ आहे. कातळात पाणी मुरायला जागा फार थोडी. वरचा कुजलेला थर आणि भेगा एवढीच काय ती साठवण. पाऊस चांगला पडतो, नाले भरून पैनगंगेला जातात, आणि एप्रिल-मे महिन्यांत उटनूर, नारनूर, गादीगुडा या डोंगराळ भागांतील गोंड-कोलाम वस्त्यांवर झिरा उकरून वाटीने पाणी भरायची वेळ येते. केसलापूरच्या नागोबाला मेश्राम घराण्याचे लोक गोदावरीचे पाणी अनवाणी चालत आणतात. ज्यांच्या पूजेत पाण्याला एवढा मान आहे, त्यांच्या वस्तीवर पिण्याचे पाणी सर्वांत शेवटी पोहोचावे हे मनाला लागते.

ऑगस्ट २०१६ मध्ये गजवेलजवळ 'मिशन भगीरथ' योजनेचे उद्घाटन झाले. नदी आणि धरणांचे पाणी शुद्ध करून ग्रामीण भागात माणशी रोज १०० लिटर नळाने द्यायचे, असे तिचे उद्दिष्ट. आपल्या भागाला श्रीराम सागरचे पाणी. मध्ये निर्मळचा घाट आहे. पाणी पंपाने चढवावे लागते, मग पुढे टाक्यांतून उतारावर येते. हे फार मोठे काम झाले आहे आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. ज्या मुली घागरी घेऊन दोन फर्लांग जात, त्यांच्या दारात नळ आला. मुख्याध्यापकाला ही गोष्ट हजेरीपटावर दिसते.

पण जे पाणी एवढ्या दूरवरून येते त्याच्या वाटेत पुष्कळ दुवे आहेत. वीज, पंप, मोठी पाइपलाइन, नाल्यावरून जाणारी पाइप, गावची टाकी, टाकीचा वाल्व सोडणारा माणूस. पावसाळ्यात नाल्यावरची पाइप वाहून गेली की पलीकडच्या वस्त्या कोरड्या पडतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत नाल्याचे गढूळ पाणी पिणे सर्वांत धोक्याचे असते. तेव्हा लोक कुठे जातात? हापशाकडे. आणि नळ आल्यापासून हापशाकडे कोणी पाहिलेले नसते.

अंगणातील हापसा

आता आपल्या विषयाकडे येऊ. अंगणात रंगमंचाचा ओटा वाढवण्यासाठी हापसा काढावा आणि त्याच बोअरमध्ये पाण्यात बुडणारी मोटार सोडावी, असा प्रस्ताव काही विश्वस्तांनी मांडला आहे. त्यामागची भावना चांगली आहे. मुलांचे हात दुखतात, नळाच्या तोट्या असाव्यात, पाणी टाकीत साठावे, हे सर्व आम्हालाही मान्य. परंतु मोटार विजेवर चालते, आणि भगीरथचे पाणीही विजेवरच येते. दोन्ही एकाच दिवशी बंद पडतील असा दिवस येतोच. पाण्याशिवाय शाळेतले स्वच्छतागृह बंद ठेवावे लागते. मग वरच्या वर्गातील मुली दुपारच्या सुट्टीत घरी जातात आणि त्यांतल्या सगळ्या परत येत नाहीत. हा आमचा दरवर्षीचा अनुभव आहे, आणि रंगमंचापेक्षा आम्हाला तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

यावर एक मध्यम मार्ग आहे आणि तोही महाराष्ट्रातूनच आलेला. तेथील भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने लहान वस्त्यांसाठी 'दुहेरी पंप' योजना राबवली आहे. एकाच सहा इंची बोअरमध्ये हातपंपही राहतो आणि सौर विजेवर चालणारा छोटा बुडता पंपही बसतो. ऊन असेल तेव्हा टाकी आपोआप भरते आणि तोट्यांना पाणी येते. ढग असतील, यंत्र नादुरुस्त असेल, तेव्हा दांडा आहेच. आपली बोअर सहा इंची आहे. रंगमंच पूर्वेकडे दोन मीटर सरकवला तर ओट्याला धक्का लागत नाही. नववीच्या मुलांनी टेपने मोजून नकाशा काढला आहे, तो बैठकीत ठेवू. विश्वस्त मंडळाने दुहेरी पंपाचा खर्च काढावा आणि तोवर हापसा हलवू नये, अशी आमची विनंती आहे. त्याबरोबर दरवर्षी वायसर, चेन, ग्रीस आणि ओट्याच्या सिमेंटसाठी एक लहान रक्कम वेगळी ठेवावी. पंपापेक्षा आम्ही या रकमेसाठी अधिक आग्रही आहोत.

शनिवारचे काम

येत्या शनिवारी आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक आहे. पहिले काम, हापशाची तपासणी: चाळीस हापशांत बादली किती भरते ते मोजायचे. हिशेबाने सोळा लिटरच्या आसपास पाणी आले पाहिजे. दहा-अकराच आले तर वायसर झिजला आहे असे समजावे. थोडा वेळ थांबून पुन्हा हापसल्यावर पाणी यायला बरेच हापसे लागले, तर खालची झडप किंवा पाइप गळतो आहे. ही दोन लक्षणे ओळखता आली की मिस्त्रीला नुसते "पंप बिघडला" असे सांगावे लागत नाही.

दुसरे काम, विहिरीच्या क्लोरिनचे गणित. साधारण प्रमाण असे की चांगल्या ताज्या ब्लीचिंग पावडरची अडीच ग्रॅम मात्रा १,००० लिटर पाण्याला पुरते. गोल विहिरीचा व्यास २ मीटर आणि पाणी ३ मीटर असेल तर पाणी सुमारे ९,४२० लिटर आणि पावडर साडेतेवीस ग्रॅम. पावडर बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडायचे आणि निदान एक तास पाणी भरायचे नाही. ज्यांच्या शेतात किंवा गावी पिण्याची विहीर आहे, त्यांनी व्यास आणि पाण्याची उंची मोजून आणावी. प्रत्येकाने आपल्याच विहिरीचे गणित करावे. डबा बरेच दिवस उघडा राहिला असेल तर पावडरचा जोर गेलेला असतो, तो आणू नये.

तिसरे काम, जंतुपरीक्षा. १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतील मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सोपी चाचणी काढली. औषधी कागद ठेवलेल्या लहान बाटलीत पाणी भरून ती उबदार जागी ठेवायची. एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले तर त्यात मैल्याचे जंतू असण्याचा संभव आहे. अशा वीस बाटल्या आम्ही मागवल्या आहेत. फ्लोराइड या बाटलीत कळत नाही, चवीनेही कळत नाही. त्यासाठी बोअरच्या पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत वेगळा पाठवू.

नमुने आणताना पालकांनी एवढे पाहावे की बाटली काचेची असावी, दहा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून उलटी निथळलेली असावी आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नये. बोअरचे पाणी असेल तर आधी तीस-चाळीस हापसे मारून ते पाणी झाडांना घालावे, मग बाटली भरावी. वर चिठ्ठी चिकटवून गावाचे नाव, विहीर की बोअर की नळ, आणि भरल्याची वेळ लिहावी. शनिवारी सकाळी भरलेलेच पाणी चालेल. आदल्या रात्रीचे नको.